दोन दूरच्या विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ काढणारा गणक: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी

काम असं: दोन विमानतळांचे कोड, निघण्याची तारीख आणि तिथली वेळ दिली की तीन गोष्टी बाहेर याव्यात. हवाई अंतर किलोमीटर आणि नॉटिकल मैलांत; ब्लॉक टाइम, म्हणजे विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून पलीकडे उभं राहीपर्यंतचा वेळ; आणि पोहोचण्याची तिथली तारीख-वेळ. भाडं, थांबे, जोडविमानं यांचा विचार नाही.

चाचणीसाठी चारच जोड्या, पण प्रत्येक वेगळ्या कारणाने छळणारी:
- सिंगापूर चांगी ते न्यूयॉर्क जेएफके. सर्वांत लांब नियमित विनाथांबा उड्डाणांपैकी एक. सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाला खेटून जाते.
- सिडनी ते सान्तियागो. दक्षिण गोलार्ध, १८० रेखांश ओलांडणं आणि तारीखरेषा, तिन्ही एकाच जोडीत.
- लंडन हीथ्रो ते जेएफके. जाता-येता वाऱ्यामुळे पडणारा फरक इथे सर्वांत ठळक.
- हेलसिंकी ते तोक्यो नारिता. अंतर आणि प्रत्यक्ष मार्ग यांची फारकत.

४ फेब्रुवारी

विमानतळांची यादी अवरएअरपोर्ट्स या संकेतस्थळाच्या खुल्या सीएसव्ही फाइलमधून (साध्या मजकुरातला तक्ता) घेतली. सत्तर हजारांहून जास्त ओळी आहेत, पण त्यांत हेलिपॅड, बंद पडलेल्या धावपट्ट्या, समुद्री विमानांचे तळ असं सगळंच आहे. प्रकार मोठा किंवा मध्यम, आणि आयाटा कोडाचा (तिकिटावरच्या तीन अक्षरी कोडाचा) रकाना भरलेला, अशी गाळणी लावली.

पहिला घोळ लगेच. नामिबियाचे सगळे विमानतळ गायब. तक्ते वाचणारी पायथनची पांडाज लायब्ररी ‘एनए’ ही दोन अक्षरं दिसली की रकाना रिकामा समजते, आणि नामिबियाचा देश-कोड नेमका तोच आहे. उत्तर अमेरिकेचा खंड-कोडही तोच, त्यामुळे अमेरिकेतल्या प्रत्येक ओळीचा खंड कोराच निघाला. फाइल वाचताना रिकाम्या मूल्यांची आपोआप ओळख बंद करायची. फक्त खरोखर कोरा रकाना रिकामा धरायचा.

दुसरा घोळ कोडांचा. लंडन, न्यूयॉर्क, तोक्यो यांना शहराचे स्वतंत्र कोड आहेत आणि त्या कोडाचा विमानतळच नसतो. यादीत सापडला नाही म्हणून नुसतं ‘चुकीचा कोड’ सांगणं बरोबर नाही. शहरातले विमानतळ दाखवून निवड विचारायची. नावावरून शोध घेतला तर आणखी धोका: सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तशी कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातही आहे, आणि सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे तसं कोस्टा रिकातही. नावासमोर देश दाखवल्याशिवाय निवड स्वीकारायची नाही.

५ फेब्रुवारी

काही विमानतळांचे अक्षांश-रेखांश अधिकृत वैमानिकी प्रकाशनातून ताडून पाहिले. तिथे ते अंश, मिनिटं, सेकंदांत असतात. हीथ्रोचा संदर्भबिंदू ५१ अंश २८ मिनिटं ३९ सेकंद उत्तर, ० अंश २७ मिनिटं ४१ सेकंद पश्चिम. दशांशात आणताना मिनिटं भागिले ६०, सेकंद भागिले ३६००. दक्षिण आणि पश्चिम उणे.

चूक या ‘० अंश’मध्ये लपली होती. रूपांतर अंशांच्या आकड्याला उणे चिन्ह लावून मग मिनिटं कुठे मिळवायची ते ठरवत होतं. उणे शून्य पूर्णांक झाला की नुसतं शून्य उरतं आणि हीथ्रो ग्रीनिचच्या पूर्वेला जातो, खऱ्या जागेपासून जवळपास ६४ किमी दूर. नकाशावर ठिपका लंडनच्या आसपासच पडतो, त्यामुळे डोळ्याला पटकन कळत नाही. दुरुस्ती: आधी सगळं धन धरून बेरीज, चिन्ह शेवटी दिशेच्या अक्षरावरून. ग्रीनिच रेखा आणि विषुववृत्त यांच्या एका अंशाच्या आतले सगळे विमानतळ वेगळे काढून तपासले.

दोन ठिकाणी एकाच विमानतळाचे आकडे पाऊण किलोमीटरने वेगळे असतात. कोणी संदर्भबिंदू देतं, कोणी आवाराचा मध्य. लांब पल्ल्याच्या हिशेबात याला महत्त्व नाही, सोडून दिलं.

६ फेब्रुवारी

अंतराचं पहिलं सूत्र: हॅव्हर्साइन. पृथ्वी गोल धरायची, त्रिज्या ६,३७१.००८८ किमी.

अ = साइन²(अक्षांशांतला फरक ÷ २) + कोसाइन(अक्षांश १) × कोसाइन(अक्षांश २) × साइन²(रेखांशांतला फरक ÷ २)
अंतर = २ × त्रिज्या × आर्कसाइन(√अ)

कोन रेडियनमध्ये हवेत. अंशच दिले तरी उत्तर येतं, शून्य ते वीस हजार किमीच्या आतलंच येतं, आणि कधीकधी पटण्यासारखंही असतं. म्हणून ही चूक टिकून राहते. आणखी एक खबरदारी: पृथ्वीच्या जवळजवळ उलट्या बाजूंच्या दोन बिंदूंसाठी दशांशांच्या गोळाबेरजेमुळे ‘अ’ एकच्या किंचित वर जातो आणि आर्कसाइन मोडतो. √अ आणि १ यांतलं लहान ते घ्यायचं.

१८० रेखांश ओलांडण्याची धास्ती इथे अनाठायी ठरली. सिडनी आणि सान्तियागोच्या रेखांशांची वजाबाकी जवळपास २२२ अंश येते, खरा फरक १३८. पण अर्ध्या कोनाच्या साइनचा वर्ग दोन्हींसाठी सारखाच, त्यामुळे सूत्राला काही फरक पडत नाही. त्रास पुढे नकाशा काढताना होणार आहे.

उत्तरं: चांगी–जेएफके १५,३४१ किमी. सिडनी–सान्तियागो ११,३४०. हीथ्रो–जेएफके ५,५४०. हेलसिंकी–नारिता ७,८३०.

७ फेब्रुवारी

पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे. डब्ल्यूजीएस ८४ या पृथ्वीच्या आकाराच्या जागतिक मानकाप्रमाणे विषुववृत्ताची त्रिज्या ६,३७८.१३७ किमी, ध्रुवाकडची ६,३५६.७५२. या आकारावर तीच अंतरं पुन्हा काढली:

चांगी–जेएफके १५,३४९ (८ किमी जास्त)
सिडनी–सान्तियागो ११,३६३ (जवळपास २२ किमी जास्त)
हीथ्रो–जेएफके ५,५५५ (१५ किमी जास्त)
हेलसिंकी–नारिता ७,८४९ (१९ किमी जास्त)

सर्वांत लांब जोडीला सर्वांत कमी फरक, हे आधी खटकलं. कारण वक्रतेत आहे. उत्तर-दक्षिण जाताना विषुववृत्ताजवळ वक्रतेची त्रिज्या सुमारे ६,३३५ किमी असते, ध्रुवाजवळ ६,४०० च्या आसपास. चांगी–जेएफकेची वाट विषुववृत्ताजवळून निघून ध्रुवाजवळून जाते, म्हणून कमी-जास्त बरंचसं एकमेकांत फिटतं. सिडनी–सान्तियागो बहुतेक सगळी वरच्या अक्षांशांत, जिथे पृष्ठभाग सपाटीकडे झुकतो. तिथे फिटायला काही नाही.

फरक अर्ध्या टक्क्याच्या आतच आहे. तरी चपटेपणा धरणारं नेमकं सूत्र ठेवलं, कारण काही नियम किलोमीटरच्या उंबरठ्यावर चालतात. युरोपीय संघाचा नियम २६१/२००४ उशीर आणि रद्द उड्डाणांची भरपाई ठरवताना १,५०० आणि ३,५०० किमी या रेषा वापरतो, आणि अंतर ग्रेट सर्कलने, म्हणजे बृहद्वृत्ताने (पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने) मोजायला सांगतो. उंबरठ्याच्या काठावरच्या जोडीला पंधरा किलोमीटर कमी नाहीत. उत्सर्जनाच्या हिशेबात तर बृहद्वृत्तावर ठरावीक भर घालतात: युरोपीय उत्सर्जन व्यापार योजनेत ९५ किमी, आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या कार्बन गणकात ५५० किमीखाली ५०, ५,५०० पर्यंत १०० आणि त्यापुढे १२५. म्हणून एकाच जोडीचे तीन वेगळे आकडे दिसले तर आधी विचारायचं की अंतर कशासाठी मोजलं आहे.

१० फेब्रुवारी

नेमक्या अंतरासाठी आधी व्हिन्सेंटीची १९७५ ची पद्धत लावली होती. ती फेऱ्या मारत उत्तराजवळ सरकते आणि पृथ्वीच्या जवळजवळ उलट्या बाजूंच्या बिंदूंवर अडकते. शून्य अक्षांश, शून्य रेखांश ते ०.५ अक्षांश, १७९.७ रेखांश ही नेहमीची अपयशाची चाचणी. फेऱ्या संपतच नाहीत. फेऱ्यांवर मर्यादा नव्हती, त्यामुळे प्रोग्रॅम तिथेच लटकला. चार्ल्स कार्नी यांची २०१३ ची पद्धत घेतली, जिओग्राफिकलिब या लायब्ररीत तयार मिळते. त्याच जोडीचं उत्तर १९,९४४ किमी लगेच येतं.

एकमेकांच्या जवळजवळ उलट्या बाजूचे विमानतळ खरोखर आहेत. माद्रिद आणि न्यूझीलंडचं पामर्स्टन नॉर्थ यांच्यात १९,९०० किमीहून जास्त अंतर आहे. अशा जोडीला ‘सर्वांत जवळची वाट’ जवळपास कुठल्याही दिशेने निघते, म्हणून नकाशावरच्या रेषेखाली तशी टीप टाकली.

११ फेब्रुवारी

एककं. १ नॉटिकल मैल १.८५२ किमी, साधा मैल १.६०९३४४ किमी. १५,३४९ किमी म्हणजे ८,२८८ नॉटिकल मैल किंवा ९,५३७ साधे मैल. नुसतं ‘मैल’ कुठेही छापायचं नाही.

एक गंमत. विमान ११ किमी उंचीवर उडतं, तिथला परीघ जमिनीपेक्षा ०.१७ टक्के मोठा. चांगी–जेएफकेला त्याने सुमारे २६ किमी वाढतात, म्हणजे चपटेपणाच्या दुरुस्तीच्या तिप्पट. मीटरपर्यंत अचूक अंतर छापणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आपण किलोमीटरवर थांबतो.

१३ फेब्रुवारी

नकाशा. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर सिडनी आणि सान्तियागो जवळपास एकाच आडव्या रेषेत दिसतात. ती रेष धरून गेलं तर १२,७७४ किमी, बृहद्वृत्तापेक्षा १,४०० किमीहून जास्त. खरी वाट दक्षिणेला वाकते आणि मध्यावर जवळपास ६१.७ अंश दक्षिणेपर्यंत उतरते. चांगी–जेएफकेची वाट ८७.५ अंश उत्तरेपर्यंत चढते, ध्रुवापासून २८० किमीच्या आसपास.

वाटेवरचे बिंदू काढताना अक्षांश-रेखांशांची सरळ सरासरी घेऊन चालत नाही. दोन्ही टोकांना त्रिमितीतले एकक सदिश करून, कोनाच्या प्रमाणात मिसळून परत अक्षांश-रेखांशांत आणायचं. दर १०० किमीला एक बिंदू पुरतो. १८० ओलांडताना रेष नकाशाभर आडवी फरफटत जाते. लागोपाठच्या दोन बिंदूंच्या रेखांशांत १८० हून जास्त फरक आला की तिथे रेष तोडून दोन तुकडे करायचे.

अंतराचं काम इथे संपलं. दीड आठवडा गेला, त्यातला अर्धा यादी साफ करण्यात.

१७ फेब्रुवारी

वेळ. पहिला मोह ‘अंतर भागिले ९००’ असा. उत्तर साधारण बरं येतं, पण का बरं येतं ते कळत नाही, म्हणून पायापासून बांधायचं ठरवलं.

जेट विमान लांब पल्ल्यावर ठरावीक माक संख्येने उडतं. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० साठी ०.८५ धरली, ए३२० सारख्या अरुंद विमानांसाठी ०.७८. माक म्हणजे ध्वनीच्या वेगाशी प्रमाण, आणि ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून. प्रमाण वातावरणात ११ किमीवर उणे ५६.५ अंश सेल्सिअस. ध्वनी ताशी १,०६२ किमी. त्यावरून ०.८५ ला ताशी ९०३ किमी, ०.७८ ला ८२९.

तापमान उणे ६५ झालं तर त्याच माकला ताशी ८८५ उरतात. पंधरा हजार किलोमीटरवर हा फरक २० मिनिटांचा. लंबगोल की गोल या वादाची किंमत याच गणिताने दीड मिनिटापेक्षा जास्त नाही. म्हणजे कष्ट कुठे घालायचे ते स्पष्ट आहे.

१८ फेब्रुवारी

चढणं, उतरणं, जमिनीवर रांगणं.

चढाईला २५ मिनिटं, तेवढ्यात सुमारे २५० किमी. तेच अंतर पूर्ण वेगाने १७ मिनिटांचं, म्हणजे ८ मिनिटांचं नुकसान. उतरण्याला वैमानिकांचा तोंडी हिशेब आहे: दर १,००० फुटांना ३ नॉटिकल मैल. ३९,००० फुटांवरून ११७, वर वेग कमी करायला दहा धरले की १२७ नॉटिकल मैल, म्हणजे २३५ किमी. तिथे ९-१० मिनिटं जातात. बऱ्याच देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची (ताशी २५० नॉटिकल मैलांची) वेगमर्यादा आहे, ती यातच आली. दोन्ही मिळून १८ मिनिटं धरली.

निघताना टॅक्सी, म्हणजे जमिनीवरचं रांगणं, २० मिनिटं, उतरल्यावर १०. गर्दीच्या विमानतळांवर निघण्याचे ३०-४० सहज होतात, म्हणून हा आकडा विमानतळागणिक बदलता ठेवला. एकूण बांधलेला वेळ, म्हणजे अंतर कितीही असलं तरी लागणारा, ४८ मिनिटं. आखडता हात घेऊन अर्धा तास धरणारी सूत्रं लहान पल्ल्यावर सपशेल चुकतात: ५०० किमीच्या उड्डाणात बांधलेला वेळच जास्त असतो.

मार्गाची वाढ: हवाई मार्ग, निघताना-उतरतानाची वळणं, वळसे धरून बृहद्वृत्तावर ४ टक्के. हा आपला निर्णय आहे, निसर्गनियम नाही.

चांगी–जेएफके, वारा नाही: १५,३४९ × १.०४ ÷ ९०३ = १७.६८ तास, अधिक ०.८. उत्तर १८ तास २९ मिनिटं. वेळापत्रकात सुमारे १८ तास ४० मिनिटं. इतकं जवळ आलं म्हणून हुरळून जायचं कारण नाही. ही उड्डाणं पुष्कळदा ध्रुवाकडे न जाता पश्चिमेकडच्या वाऱ्यांचा फायदा घेत पॅसिफिकवरून जातात. किलोमीटर वाढतात, तास वाढत नाहीत. दोन चुका एकमेकींना मारून उत्तर बरोबर आलेलं असू शकतं.

२१ फेब्रुवारी

वारा. मध्य अक्षांशांत १० किमीच्या आसपास उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा जेट प्रवाह हिवाळ्यात १०० नॉटच्या वर सहज असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून एक बोइंग ७४७ लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी ८०० मैलांच्या वर होता, तरी ते ध्वनीपेक्षा वेगवान नव्हतं. भोवतालच्या हवेच्या तुलनेत नेहमीच्याच वेगाने उडत होतं.

हीथ्रो–जेएफके, मार्ग ५,७७७ किमी, वाऱ्याची सरासरी ताशी ९० किमी:
वारा नाही: ७ तास १२ मिनिटं.
पाठवारा: ५,७७७ ÷ ९९३, अधिक ०.८ = ६ तास ३७ मिनिटं.
समोरून: ५,७७७ ÷ ८१३, अधिक ०.८ = ७ तास ५४ मिनिटं.

पूर्वेकडे लंडनला येताना ३५ मिनिटं वाचली, पश्चिमेकडे न्यूयॉर्कला जाताना ४२ गेली. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, म्हणून जाणं-येणं मिळून वारा नेहमी थोडा नुकसानीतच टाकतो. ‘दोन्हींची सरासरी म्हणजे वारा नसतानाचा वेळ’ हे गृहीतक काढून टाकलं.

आडवा वाराही फुकट नसतो. विमानाला नाक वाऱ्याकडे वळवून ठेवावं लागतं. पुढचा वेग = √(हवेतला वेग² − आडवा वारा²) + पाठवारा. ताशी १५० किमी आडव्या वाऱ्यात ९०३ चे ८९० उरतात.

वाऱ्याची माहिती जीएफएस या अमेरिकी हवामान प्रारूपाच्या २५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवरून, जी सुमारे ३४,००० फुटांची. वाटेवरच्या प्रत्येक १०० किमीच्या बिंदूवर वारा घेऊन तुकड्या-तुकड्याचा वेळ काढायचा आणि बेरीज करायची. वाऱ्याची सरासरी काढून एकदाच भागायचं नाही.

इथे दोन चुका सापडल्या. एक, हवामानात वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो ती सांगतात; २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून. आपण तो पश्चिमेकडे वाहतो असं धरलं आणि लंडनला जाणारं विमान परतणाऱ्यापेक्षा हळू झालं. दिशेऐवजी पूर्व आणि उत्तर घटक वापरले की हा प्रश्नच येत नाही. दोन, हवामानाच्या जाळ्यात रेखांश ० ते ३६०, आपल्याकडे उणे १८० ते १८०. अमेरिकेच्या उणे रेखांशांना जाळ्याच्या काठावरचाच वारा मिळत होता, आणि तक्रार कुठेच उठत नव्हती. रेखांशात ३६० मिळवून ३६० ने भागल्यावरची बाकी घ्यायची.

महिनाभरानंतरच्या प्रवासाला अंदाज उपयोगी नाही. तिथे मागच्या वर्षांच्या मासिक सरासऱ्या लागतील. तो भाग अजून उघडा.

२५ फेब्रुवारी

मार्ग. दोन गोष्टी बृहद्वृत्त मोडतात: बंद आकाश आणि इंजिनांचा नियम.

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीपासून युरोपीय संघाच्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद आहे. हेलसिंकी–नारिताला ४ टक्क्यांचा ठोकताळा ९ तास ५० मिनिटं देतो. आधीचा वेळ खरोखरच त्याच्या आसपास होता. आता ठरावीक बिंदूंमधून वाट देण्याची सोय केली: हेलसिंकी ते ध्रुव ३,३०१ किमी, ध्रुव ते बेरिंगची सामुद्रधुनी २,६९६, तिथून नारिता ४,६५८. एकूण १०,६५५, म्हणजे ३६ टक्के वाढ. बिंदू आधीच दिले आहेत म्हणून त्यावर २ टक्केच चढवले: १२ तास ५० मिनिटं. प्रत्यक्षात सुमारे १३ तास लागतात. टक्केवारी वाढवून हे जमत नाही, कारण दुसऱ्या जोड्या बिघडतात.

दुसरा नियम ईटॉप्स. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या मिनिटांत पर्यायी विमानतळ गाठता यायला हवा. एका इंजिनावर ४०० नॉट धरले तर १८० मिनिटांत सुमारे २,२०० किमी, ३३० मिनिटांत ४,०७० किमी. सिडनी–सान्तियागो वाटेच्या मध्यापासून क्राइस्टचर्च ३,६८० किमीच्या आसपास, पुंता आरेनास त्याहून लांब. १८० मिनिटांच्या परवानगीवर ही वाट जमत नाही, उत्तरेकडून वळसा घ्यावा लागतो. ३३० वर मध्य ओलांडता येतो. बोइंग ७८७ ला ३३० मिनिटांची परवानगी २०१४ मध्ये मिळाली, ए३५० ला ३७० पर्यंतची त्याच वर्षी. गणकात हे फक्त इशारा म्हणून ठेवलं: वाटेवरचा बिंदू सर्वांत जवळच्या मोठ्या विमानतळापासून २,२०० किमीपेक्षा दूर असेल तर तसं सांगायचं. प्रत्येक वेळी नेमका वळसा काढणं हे उड्डाण नियोजकांचं काम आहे, आपलं नाही.

३ मार्च

घड्याळ. आजवरचं सर्वांत वेळखाऊ काम.

रेखांश भागिले १५ ही युक्ती टाकून दिली. सिंगापूरचा रेखांश १०४, म्हणजे यूटीसीपेक्षा (जागतिक प्रमाणवेळेपेक्षा) ७ तास पुढे, प्रत्यक्षात ८. यादीत वेळक्षेत्र नसतं, म्हणून अक्षांश-रेखांशांवरून वेळक्षेत्राचं आयाना यादीतलं नाव शोधणारी टाइमझोनफाइंडर लायब्ररी घेतली. फरक तासांचाच असतो हेही खरं नाही: नेपाळ पावणेसहा तास पुढे, न्यूझीलंडची चॅथम बेटं पावणेतेरा. किरिबातीची लाइन बेटं १४ तास पुढे, हवाई १० मागे. दोन्हीकडे घड्याळात तीच वेळ, तारखेत एका दिवसाचं अंतर.

क्रम एकच: निघण्याची तिथली वेळ यूटीसीत आणा, उड्डाणाचा वेळ मिळवा, मग गंतव्याच्या वेळक्षेत्रात न्या. पायथनमध्ये वेळक्षेत्र लावलेल्या वेळेत थेट तास मिळवले तर तो भिंतीवरच्या घड्याळात मिळवतो, मधल्या उन्हाळी वेळेच्या बदलाकडे पाहत नाही. रात्री घड्याळ पुढे किंवा मागे सरकलं त्या उड्डाणाला नेमका एक तास चुकतो, वर्षातून दोनच रात्री. म्हणून हे महिनोन्‌महिने लपून राहतं.

सिडनीहून १२ फेब्रुवारीला दुपारी १२:०० ला निघालं, ताशी ९० किमी पाठवाऱ्यात १२ तास ४२ मिनिटं. सान्तियागोत तारीख तीच, सकाळचे १०:४२. पोहोचण्याची वेळ निघण्याच्या आधी म्हणून आपल्याच तपासणीने हे उत्तर ‘अशक्य’ म्हणून फेटाळलं. तपासणी यूटीसीत हलवली. परत येताना पश्चिमेकडे: उड्डाणं वारा टाळायला आणखी दक्षिणेकडून जातात, म्हणून समोरचा वारा ताशी २० च धरला, १४ तास ११ मिनिटं. १५ तारखेला दुपारी १२:०० ला निघून सिडनीत १६ ला दुपारी ४:११.

७ मार्च

उन्हाळी वेळ. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलते, युरोप शेवटच्या. २०२५ मध्ये ९ मार्च आणि ३० मार्च. मधल्या तीन आठवड्यांत लंडन–न्यूयॉर्क फरक ५ ऐवजी ४ तास. चाचणीत २० मार्च २०२५ कायमचा घातला. त्याच दिवशी सिंगापूरहून रात्री ११:३० ला निघालेलं विमान १८ तास २९ मिनिटांनी न्यूयॉर्कला २१ तारखेच्या पहाटे ५:५९ ला उतरतं. हिवाळी वेळेत तेच ४:५९.

दक्षिणेत चिली सप्टेंबरच्या सुरुवातीला घड्याळ पुढे करतो, सिडनी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या काळात दोघांतला फरक १४ ऐवजी १३. चिलीने २०१५ मध्ये तर वर्षभर उन्हाळी वेळच ठेवली होती. असे बदल सरकारी निर्णयाने होतात, म्हणून वेळक्षेत्रांची माहिती प्रोग्रॅममध्ये गोठवून ठेवायची नाही; प्रत्येक आवृत्तीला टीझेडडेटा (वेळक्षेत्रांच्या नियमांचा संच) नवा घ्यायचा. विंडोजवर पायथनला ती माहिती आपसूक मिळत नाही, तेच पॅकेज वेगळं बसवावं लागतं.

लंडन-न्यूयॉर्कला घड्याळ मागे येतं त्या रात्री १:३० दोनदा येते. वापरणाऱ्याने तीच वेळ दिली तर दोन्ही शक्यता दाखवून विचारायचं. मनाने पहिली घ्यायची नाही.

११ मार्च

निकाल कसा दाखवायचा. एकच आकडा मिनिटापर्यंत छापला की तो वेळापत्रकासारखा वाटतो, आणि कंपन्यांची वेळापत्रकं स्वतःच थोडी फुगवलेली असतात, म्हणजे उशीर झाला तरी विमान ‘वेळेवर’ उतरतं. म्हणून पल्ला द्यायचा, पाच मिनिटांच्या पटीत. सिडनी–सान्तियागोसाठी प्रत्येक घटकाचं वजन असं निघालं: पृथ्वीचा चपटेपणा दीड मिनिट, उंची सव्वा मिनिट, टॅक्सी ±१० मिनिटं, तापमान साधारण १५ मिनिटं, वारा एक ते दीड तास. पल्ल्याची रुंदी वाऱ्यावरून ठरवली, बाकीचं त्यात बुडून जातं.

अंतर मात्र एकच आकडा, सोबत ‘बृहद्वृत्त, डब्ल्यूजीएस ८४’ असा शिक्का. मार्गाचं अंतर वेगळ्या ओळीत. दोन्ही एकत्र दिसले की वाचणारा हमखास लांबचा आकडा उचलतो.

उघडे मुद्दे: मासिक वाऱ्याचे तक्ते, टॅक्सीचे विमानतळनिहाय आकडे, बंद आकाशाची यादी तारखेसह, कारण आज बंद असलेलं उद्या उघडू शकतं. एकाच शहरातल्या दोन विमानतळांची जोडी दिली तर गणक अजूनही टॅक्सी आणि चढण्या-उतरण्याचे मिळून पाऊण तास दाखवतो. १५० किमीखाली वेळ छापायचाच नाही, फक्त अंतर.